वीस शेक आणि एक शीळ

सिदूची शीळ आसपासच्या चार गावांत सगळ्यांना ठाऊक होती. आधी एक लांब सूर, मग मध्येच दम लागल्यासारखा एक थांबा आणि शेवटी वर चढून घेतलेली गिरकी. ती ऐकली की माळावर विखुरलेली त्याची साठ मेंढरं माना वर करायची आणि चरता चरता वळायची. बायको साखराबाई म्हणायची, "चाळीस वरसांत माज्याशी जेवढं बोलले न्हाईत तेवढं मेंढरांशी बोलल्यात." यात फारसं खोटं नव्हतं. सिदू मुळातच अबोल. सांगायचं ते शीळ घालून सांगायचा आणि मोकळा व्हायचा.

शिळेखालोखाल त्याचा जीव होता मिशीवर. दोन्ही गालांवर पसरलेली, टोकाला तेल लावून वळवलेली मिशी. साखराबाईला ती लग्नाच्या दिवसापासून आवडली नव्हती, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तर या मिशीच्या जरा वर, डाव्या नाकपुडीखाली, गेल्या दिवाळीत एक पुटकुळी आली. ज्वारीच्या दाण्याएवढी, चकचकीत. सिदूने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे ती फुटली, रक्त आलं, खपली धरली, खपली पडली, पुन्हा रक्त आलं. सिदूने हळद लावली, चुलीतली राख लावली, बिरोबाचा भंडारा लावला. पुटकुळी सगळ्यांना पुरून उरली. नऊ महिने झाले तरी ती जागची हलेना. दुखत मात्र नव्हती, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात जायचं म्हणजे सिदूला स्वतःची चेष्टा करून घेण्यासारखं वाटायचं.

सून अंजू मात्र पाठच सोडेना. ती अंगणवाडीत मदतनीस होती, कागदपत्रं आणि दवाखाने यांची तिला भीती नव्हती. "मामा, नऊ म्हैने जखम भरंना म्हणजे काय? मेंढराला असं झालं असतं तर तुमी आठ दिवसांत डॉक्टर आणला असता," ती म्हणाली. हे बोलणं सिदूला लागलं, कारण ते अगदी खरं होतं. दुसऱ्या दिवशी सासरा-सून एसटीत बसून नगरला गेले. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण सिदूच्या तोंडात नगरच.

तिथे मोठ्या दवाखान्यात त्या जागेचा कण काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की हा कातडीचा कॅन्सर आहे.

अंजूच्या हातातली पिशवी खाली पडली. सिदूने ती उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यातली ही गरीब जात आहे. ही बहुतेक कुठे पसरत नाही. जिथे बसली तिथेच कुरतडत राहते. पण कुरतडते नक्की, म्हणून काढायला हवी. जन्मभर उन्हात काम करणाऱ्यांना होते. बरी होते."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, कापून काढायची. पण जागा अडचणीची, ओठाचा तुकडा जाणार, उरलेला ओढून शिवावा लागणार, तोंड थोडं आखडणार. दुसरी वाट किरणांची. आठवड्यातले पाच दिवस, असे चार आठवडे, वीस वेळा यायचं. ओठ जागच्या जागी राहतो. कातडी लाल होते, सोलते, खपली धरते, मग भरते. तिथले केस मात्र कायमचे जातात.

मग त्याने त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारला.

"बाई, शीळ येईल का?"

डॉक्टरीणबाईंना आधी कळेना. अंजूने समजावून सांगितलं. मेंढरं, माळ, शीळ. बाई हसल्या नाहीत, हे सिदूने नीट पाहून घेतलं.

"कापलं तर मी हमी देणार नाही," त्या म्हणाल्या. "किरणांनी ओठ राहील. तो थोडा ताठर होऊ शकतो. पण पूर्ण भरेपर्यंत शीळ घालायची नाही, कातडी फुटेल. नंतर शीळ तुमची तुम्ही आणायची."

"मग मिशी जाऊ द्या," सिदू म्हणाला. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निकाल त्याने एवढ्या लवकर लावलेला पाहून अंजूला रडू आलं.

मुलाला, बजरंगला, फोनवर कळवलं. तो ट्रक चालवायचा, त्या दिवशी गुजरातेत होता. रडवेला झाला आणि मग रडवेली माणसं करतात तसं एकदम व्यवहाराचं बोलायला लागला. "आबा, मेंढरं इकून टाका. शिळेबिगर तुमी ती कशी वळवणार? मायनं या वयात रानोमाळ पळायचं का? दिवाळीला मी येतो, तवर शीळ आली तर ठीक. न्हाई तर गिऱ्हाईक मी आणतो."

सिदूने फोन अंजूच्या हातात दिला. पण त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट दिसायला लागली. मेंढरं कोंडायचं दारापुढचं वाघराचं जाळं गुंडाळून ठेवलेलं, जागेवर एकही मेंढरू नाही, आणि आपण मधोमध उभे.

नाभिकाने मिशी उतरवली. साखराबाईने नवऱ्याचा वरचा ओठ पहिल्यांदाच पाहिला आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ती रडतेय असं सिदूला वाटलं. ती हसत होती, हे अंजूने पुढे सहा महिन्यांनी फोडलं.

किरणांना दवाखान्यात सगळे पेशंट शेक म्हणायचे. आज कितवा शेक, तुमचा शेक झाला का. सिदूला शेक म्हटल्यावर एकच प्रकार माहीत होता. मेंढरू लंगडायला लागलं की विळा तापवून त्याच्या मांडीवर डाग द्यायचा. त्याने स्वतः शेकड्यांनी दिले होते. म्हणून पहिल्या दिवशी तो दात आवळून धरायची तयारी करूनच आत गेला.

आत योगिता नावाची पोरगी होती, ती मशीन चालवायची. तिने त्याला फळीवर निजवलं. ओठ आणि हिरडीच्या मधे मेण लावलेली शिशाची पट्टी सरकवली, म्हणजे दातांना आणि जिभेला शेक लागणार नाही. ओठावर जांभळ्या शाईने गोल आखला, त्याचा फोटो काढला, पारदर्शक प्लास्टिकवर तो गोल उतरवून घेतला. "बाबा, ही खूण जाऊ द्यायची नाही हां. घासायची नाही. तेल, हळद, भंडारा, काही म्हणजे काही लावायचं नाही." मग ती जाड दाराबाहेर गेली. मशीन दोन मिनिटं गुणगुणलं आणि गप्प झालं.

"झालं बाबा. उठा."

"झालं?" सिदू पट्टी काढल्या काढल्या म्हणाला. "धूर न्हाई, चटका न्हाई. काय झालं?"

"शेक झाला."

सिदूला फसवल्यासारखं वाटलं. एसटीत परत येताना तो दर दहा मिनिटांनी ओठाला हात लावायला जायचा आणि मागे घ्यायचा. घरी आल्यावर त्याने साखराबाईला बजावून सांगितलं, "ही खूण गेली की मशीनला कळायचं न्हाई शेक कुठं द्यायचा." हे योगिता बोलली नव्हती. पण सिदूला ते पटलं होतं, आणि त्याला पटलेली गोष्ट घरात खरी धरली जायची.

मेंढरं साखराबाईकडे गेली. पहिले चार दिवस तिचे हाल झाले. ती हाळी घालायची, हाताने हाकलायची, मेंढरं आपली तिच्याकडे बघून पुन्हा चरायला लागायची. एका संध्याकाळी सात मेंढरं शेजारच्या तुरीत घुसली आणि शेजाऱ्याने सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं तोंड सोडलं. सिदू ओट्यावर बसून ऐकत होता. त्याच्या ओठाशी शीळ येऊन थांबली होती आणि ती त्याला गिळावी लागली.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र गाडी रुळावर आली. मेंढरं वेळेवर परतायला लागली, साठच्या साठ. "कसं काय गं?" सिदूने विचारलं. "वरडते," साखराबाई म्हणाली. "वरडून वरडून घसा बसला." तिचा घसा बसलेला नव्हता. सिदूच्या ते ध्यानात आलं नाही, कारण एवढ्यात खुणेचा घोटाळा झाला.

त्याचं असं झालं. रविवारी सुट्टी होती. सिदूला घरात बसवेना. डोक्यावर टॉवेल घेऊन तो मेंढरं मोजायला गेला आणि घामाने भिजून आला. पाहतात तो खूण फिकटून गेलेली, अर्धी तर दिसेचना. साखराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी मशीनला कळायचं नाही!

आता साखराबाई ही काही हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हती. मेंढरं दुसऱ्याच्या खांडात मिसळू नयेत म्हणून त्यांच्या पाठीवर रंगाची खूण करायची असते, आणि त्या घरात ते काम तिचं होतं. तिने खुंटीवरचा लाल रंगाचा डबा काढला. कडुलिंबाच्या काडीला कापूस गुंडाळला. नवऱ्याला उजेडात बसवलं, हनुवटी धरली आणि उरल्यासुरल्या जांभळ्या रेघेवरून सुबक गोल काढला. "उलशीक मोठाच काढलाय," ती म्हणाली, "राह्यलं-बिह्यलं तर नगं." सिदूने आरशात बघितलं. काम चोख होतं.

सोमवारी योगिताने त्याचं तोंड बघितलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

"बाबा, हे काय?"

"खूण," सिदू अभिमानाने म्हणाला. "जाऊ दिली न्हाई."

"कशाने काढली?"

"मेंढराच्या रंगानं. लोकरीच्या कातरणीपर्यंत जात न्हाई."

योगिताने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई आल्या. त्या आधी रागावल्या, मग रंगाचं सगळं ऐकून त्यांचं त्यांनाच हसू आवरेना. गोल नखभर मोठा झाला होता, त्याचं काही नाही. प्लास्टिक ठेवून खरी जागा दोन मिनिटांत सापडली. पण शेकाने कातडी किती लाल झालीय हे रोज बघायचं असतं, आणि इथे तर सगळा ओठच लालभडक. शिवाय रंगाने आग झाली असती ती वेगळीच. "आजचा शेक नाही," त्या म्हणाल्या. "ओला कापूस नुसता ठेवायचा, घासायचं नाही. उद्या बघू. आणि बाबा, खूण पुसली तर पुसू द्या. आमच्याकडे फोटो आहे."

"मग आदी का न्हाई सांगितलं?" सिदू म्हणाला.

त्या दिवसापासून योगिता प्रत्येक नव्या पेशंटला फोटोचं आधी सांगायला लागली.

अशा रीतीने सिदूचा एक शेक हुकला आणि विसावा शेक शुक्रवारचा सोमवारवर गेला. तोवर ओठ लाल होऊन सोलवटला होता, खपली धरली होती. सिदू ताकात भिजवलेल्या कण्या खात होता आणि तिखटाकडे नुसतं बघत होता. पण त्याला रडगाणं गायची सवय नव्हती. शिवाय दवाखान्याच्या बाकड्यावर रोज बसून बसून त्याला बोलायची सवय लागली होती, ही नवलाची गोष्ट. घरी येऊन तो साखराबाईला सगळं सांगायचा. घशाचा शेक घेणारी कोण बाई आली, तिने काय आणलं, योगिताचं लग्न कुठे ठरलं. साखराबाई भाकरी थापता थापता ऐकायची. चाळीस वर्षांचं बोलणं त्याने एका महिन्यात काढलं असेल.

त्या शेवटच्या सोमवारी त्याचा नंबर पहिला लागला. शेक झाला, योगिताने पेढा दिला, तो त्याने रुमालात बांधून घेतला. रोज चारला उतरणारा सिदू त्या दिवशी साडेबारालाच फाट्यावर उतरला आणि माळावरच्या पायवाटेने घराकडे निघाला.

अर्ध्या वाटेत त्याने शीळ ऐकली.

लांब सूर, मधे थांबा, वर चढून गिरकी. त्याची शीळ.

सिदू जागीच थबकला. कुणीतरी आपली शीळ उचलून आपली मेंढरं वळवून नेतोय, हेच त्याच्या मनात पहिल्यांदा आलं. त्याने काठी नीट धरली आणि टेकाडाआडून डोकावलं.

खाली साखराबाई उभी होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, एक हात कमरेवर. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, माळावर कुणी नाही याची खात्री केली, ओठ मुडपले आणि पुन्हा शीळ घातली. साठच्या साठ मेंढरं माना वर करून तिच्याकडे वळली.

सिदू टेकाडाआड खाली बसला. त्याच्या घरात, त्याच्या गावात बाईमाणसाने शीळ घालायची नसते. पोरीबाळींनी चुकून घातली तरी म्हाताऱ्या अंगावर धावून जातात. आपण आता पुढे झालो तर ही लाजेने मरेल आणि पुन्हा कधी घालणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. तो तसाच वाकून मागे फिरला, लांबच्या वाटेने घरी गेला आणि ओट्यावर बसून राहिला. त्याला राग आला नव्हता. संध्याकाळी साखराबाई आली तेव्हा त्याने रुमालातला पेढा तिच्या हातावर ठेवला. "लई वरडावं लागलं का?" त्याने विचारलं. "लई," ती म्हणाली.

सहा आठवड्यांनी खपली पडली. खाली गुलाबी, गुळगुळीत कातडी निघाली. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं. "काही उरलं नाही बाबा. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. उन्हात तोंड झाकायचं. आणि आता घाला शीळ."

सिदूने तिथेच ओठ मुडपले. नुसता वारा निघाला. योगिता दारात उभी होती, ती म्हणाली, "येईल बाबा." सिदू मान हलवून बाहेर पडला.

घरी आठ दिवस त्याने विहिरीमागे जाऊन सराव केला. डावी बाजू ताठ होती, वारा तिकडून निसटायचा. नवव्या दिवशी सूर लागला, पण बारीक, चिरका. गिरकी तर येतच नव्हती. दिवाळी चार दिवसांवर आली होती.

त्या सकाळी तो साखराबाईबरोबर माळावर गेला. मेंढरं लांबवर पांगलेली होती. सिदूने दम घेतला आणि शीळ घातली. जवळच्या चार मेंढरांनी कान टवकारले, त्यातली एक म्हातारी मेंढी चालत आली आणि त्याच्या काठीला अंग घासायला लागली. बाकीची चरत राहिली. त्याची शीळ दहा पावलांवर पोचून संपली होती.

सिदूने मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. दहा पावलं तर दहा पावलं. मग तो बायकोकडे न बघता म्हणाला,

"साखरे, तू घाल."

"काय घालू?"

"शीळ. मला म्हाईत हाय. शेवटच्या शेकाच्या दिशी मी लवकर आलतो."

साखराबाईने पदराने अख्खं तोंड झाकून घेतलं. मग ती म्हणाली, "बापाच्या मेंढरांमागं शिकलते. तुमच्या घरी द्यायचं ठरलं तवा माय म्हणली, तिथं तोंड मिटून ऱ्हा. तशी ऱ्हायले." थोड्या वेळाने तिने पुन्हा म्हटलं, "तुमची रोज ऐकत व्हते. मनातल्या मनात घालत व्हते."

चाळीस वर्षं आपल्या शिळेला मागून कुणीतरी मनातल्या मनात साथ देत होतं, आणि आपण शीळ फक्त मेंढरांना कळते म्हणून बसलो होतो. सिदूला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त हसू आलं. नव्या कातडीला ताण बसेल म्हणून त्याने ते अर्ध्या तोंडाने हसून घेतलं.

"पदर काढ तोंडावरचा," तो म्हणाला. "तुज्या मायला मी सांगंल काय सांगायचं ते."

तेवढ्यात त्याच्या बंडीतला फोन वाजला. बजरंग होता. "आबा, परवा निगतो हितून. आली का शीळ? का बोलू गिऱ्हाइकाला?"

"जरा ऐक," सिदू म्हणाला आणि त्याने फोन हातभर लांब धरला.

साखराबाईने एकदा माळावर नजर टाकली. लांब पायवाटेने दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या. ती क्षणभर थांबली. मग तिने पदर मागे सारला आणि शीळ घातली. लांब सूर, थांबा, आणि तिची स्वतःची, जरा जास्तच लांबवलेली गिरकी. पायवाटेवरच्या बायका उभ्या राहिल्या. माळभर साठ माना वर झाल्या.

फोनमधून बजरंगचा आवाज आला, "आली की आबा! पयल्यापेक्षा भारी आली!"

"माजी न्हाई रं," सिदू म्हणाला. "तुज्या मायची हाय."

पलीकडे ट्रकचं इंजिन बंद झालं.

"माय शीळ घालती?"

"घालती. गिऱ्हाइकाला न्हाई म्हणून सांग. आन ठिव आता, मेंढरं आली."